साथ येण्याआधीच : विशेष गरजा असलेल्या चिमुकल्यांच्या घरांसाठी

मार्च 2020च्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मोठ्या मुलांचे वर्ग हळूहळू मोबाइलवर सुरू झाले. पण जन्मतः पाऊल वाकडं असलेल्या बाळाचं प्लास्टर दर आठवड्याला बदलायचं होतं, ते मोबाइलवर कसं बदलणार? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या पायांना नियमित फिजिओथेरपी चालू होती, ती कोण देणार? मुंबईत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, जिल्ह्याच्या गावाला जाणारी एसटी थांबली, सरकारी रुग्णालयांतली माणसं कोविडच्या कामाला लागली. विशेष गरजा असलेल्या लहानग्यांचे आईवडील एकाएकी एकटे पडले.

कोविडने लहान मुलांना मोठ्यांच्या मानाने कमी आजारी पाडलं. या मुलांपैकी बहुतेकांना फटका बसला तो थांबलेल्या उपचारांचा, मोडलेल्या दिनक्रमाचा आणि लांबलेल्या निदानाचा. त्यातलं बरंचसं नुकसान टाळता येतं, पण त्याची तयारी साथ नसताना, हाताशी वेळ आणि मदत असताना करावी लागते. हा लेख त्या तयारीविषयी आहे. तो आईवडिलांसाठी आहे, तसाच आजीआजोबांसाठी, अंगणवाडी सेविकांसाठी, आशाताईंसाठी आणि विशेष शिक्षकांसाठीही आहे.

कोणाचं काय अडतं

पहिली पाच-सहा वर्षं मेंदूच्या वाढीची. या वयात गेलेले सहा महिने मोठ्या वयातल्या सहा महिन्यांसारखे नसतात. प्रत्येक मुलाची अडचण वेगळी असते, म्हणून तयारीही वेगळी.

स्वमग्न मुलाचा दिवस ठरलेल्या क्रमावर उभा असतो. ठरलेली रिक्षा, ठरलेल्या ताई, संध्याकाळची बाग हे सगळं कारण न कळता बंद झालं की ते रडतं, स्वतःला मारून घेतं, झोपत नाही. याला हट्ट समजू नका. आपलं जग का बदललं हे विचारण्यासाठी त्याच्याकडे शब्द नसतात.

सेरेब्रल पाल्सीमध्ये स्नायू घट्ट होत जातात. ताण देण्याचे व्यायाम सुटले की सांधे आखडतात. शिवाय मूल वाढत असतं आणि पायातले स्प्लिंट लहान पडतात. वाकड्या पावलाच्या उपचारात प्लास्टरनंतर ब्रेसचे बूट सुरुवातीचे तीन महिने जवळजवळ दिवसभर, आणि पुढे साधारण चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. ते सुटले तर पाऊल पुन्हा वळू शकतं.

कर्णबधिर मुलाच्या समोरचा प्रत्येक चेहरा मास्कने झाकला जातो आणि ओठ वाचण्याचा आधार जातो. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या मिळेनाशा होतात. बाळाचा कान वाढतो, कानात बसणारा यंत्राचा मोल्ड सैल होतो, यंत्रातून शिट्टी वाजू लागते आणि वैतागून घरचे यंत्र काढून ठेवतात. तिथून बोलण्याची वाटचाल थांबते. दृष्टिहीन मूल जग स्पर्शातून ओळखतं. ‘हात लावू नको’ हे वाक्य त्याच्यासाठी सगळ्यात कठोर असतं.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि त्यांना छातीचा संसर्ग लवकर होतो. त्यांच्या बाबतीत आजाराचाच धोका जास्त, म्हणून आपल्या मुलाला नेमकी कोणती काळजी हवी, हे बालरोगतज्ज्ञांकडून आधीच समजून घ्या.

एक फाइल, जी कुणालाही वाचता येईल

मुलाबद्दलचं सगळं ज्ञान बहुधा एकट्या आईच्या डोक्यात असतं. आईलाच ताप आला, तिला वेगळ्या खोलीत राहावं लागलं किंवा दवाखान्यात ठेवावं लागलं, तर? कोविडच्या दुसऱ्या लाटेत कित्येक घरांत हेच झालं आणि मुलाच्या औषधाची वेळसुद्धा इतरांना ठाऊक नव्हती.

म्हणून एक फाइल करा. पहिल्या पानावर मुलाचं नाव, वय, वजन, रक्तगट, निदान, ॲलर्जी आणि रोजची औषधं लिहा. औषधाचं नाव, ताकद, किती मिलिलिटर किंवा किती गोळी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, सगळं स्पष्ट अक्षरात. डॉक्टर, थेरपिस्ट आणि औषध दुकानाचे फोन नंबर त्याच पानावर असू द्या.

दुसरं पान मुलाच्या ओळखीचं. त्याला भूक लागली हे कसं कळतं? दुखत असेल तर ते काय करतं? कशाला घाबरतं, कशाने शांत होतं? पाणी पेल्याने पितं की चमच्याने? हे पान अनोळखी परिचारिकेला वाचायला मिळालं, तर दवाखान्यातला पहिला दिवस मुलासाठी पुष्कळ सोपा होतो.

मागे तपासण्यांचे अहवाल, लसीकरण कार्ड, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि आधारच्या प्रती लावा. सगळ्या पानांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आणि महत्त्वाचं म्हणजे, आईखेरीज आणखी एका माणसाला, मग ते बाबा असोत, आजी, मावशी किंवा शेजारच्या काकू, मुलाला भरवणं, औषध देणं आणि झोपवणं प्रत्यक्ष करून शिकवा. महिन्यातून एक दिवस मूल त्यांच्याकडे सोपवून पाहा. काय सांगायचं राहिलं, ते त्याच दिवशी कळेल.

औषधं आणि साधनं

आकडीचं म्हणजे फिट्सचं औषध एकाएकी बंद झालं, तर जोराच्या आणि न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. म्हणून पंधरा दिवसांचं औषध उरलं की पुढची बाटली आणायची, असा घरचा नियम करा. दूरचं दुकान बंद असेल तर जवळ कुठे औषध मिळेल, त्याच ताकदीचं दुसऱ्या कंपनीचं चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारून फाइलमध्ये लिहा. स्वतःच्या मनाने औषध बदलू नका, डोस कमी करू नका.

श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कानातल्या कॉक्लिअर इम्प्लांटची केबल, नळीने भरवायचं असेल तर नळी आणि सिरिंज यांचा महिनाभराचा साठा ठेवा. पायातलं स्प्लिंट काढल्यावर त्वचेवर लाल खूण दिसते. ती अर्ध्या तासात गेली नाही तर स्प्लिंट दाबतंय किंवा लहान झालंय असं समजा. तिचा फोटो काढून थेरपिस्टना पाठवा आणि ते सांगतील तोवर तो भाग दाबला जाऊ देऊ नका.

दिवसाला आकार द्या

शाळा आणि थेरपी बंद झाली, तरी दिवसाचे तीन-चार खांब हलू देऊ नका : उठण्याची वेळ, आंघोळ, जेवण, झोप. उरलेला दिवस त्यांच्याभोवती बसवता येतो.

बोलून न समजणाऱ्या मुलासाठी चित्रांची पट्टी करा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्याच्याच वस्तूंचे फोटो ओळीने चिकटवा : ब्रश, बादली, ताट, चेंडू, अंथरूण. प्रत्येक काम झालं की त्या चित्रावर त्यानेच कपड्याचा चिमटा लावायचा. आपण कुठवर आलो आणि पुढे काय आहे, हे त्याला दिसतं. चिमटा दाबताना बोटांनाही व्यायाम होतो. ‘बाग’ बंद असेल, तर बागेच्या फोटोवर लाल फुली मारून शेजारी गच्चीचा किंवा खिडकीचा फोटो लावा. नुसतं ‘नाही’ दाखवून थांबू नका, त्या जागी काय आहे तेही दाखवा.

मोबाइलचं काय? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस अशी, की दोन वर्षांखालच्या मुलाला नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडता स्क्रीन देऊ नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. टाळेबंदीत दमलेल्या आईने मोबाइल दिला, तर तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण बोलायला उशीर होत असलेल्या मुलाला समोरासमोरच्या बोलण्याची गरज सर्वांत जास्त असते, म्हणून जेवताना आणि झोपण्याआधी मोबाइल दूर ठेवा. एवढं पाळलं तरी फरक पडतो.

घरच्या कामात थेरपी

तासभर वेगळे व्यायाम करून घेणं घरी बहुधा जमत नाही. त्याऐवजी थेरपिस्टना एकच प्रश्न विचारा : आमच्या रोजच्या कोणत्या कामात हे बसवता येईल?

कणकेचा गोळा मळणं, तो पोळपाटावर चपटा करणं, वाटाणे सोलणं, डब्याचं झाकण फिरवणं, हे हातांचे उत्तम व्यायाम आहेत. मात्र दाणे तोंडात घालणाऱ्या मुलाजवळ मोठ्या माणसाने बसायलाच हवं. आंघोळीच्या वेळी हात, पाय, पोट यांची नावं घेत पाणी घाला. पाच वाट्या मांडताना मोजा. कपडे वाळत घालताना ‘बाबांचा शर्ट दे’ म्हणा आणि थांबा. थांबणं फार महत्त्वाचं. मूल उत्तर द्यायला वेळ घेतं आणि आपण घाईने त्याच्या वतीने बोलून मोकळे होतो. मनात दहा आकडे मोजा, मग मदत करा.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवं ठेवून भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. भिंतींच्या कोपऱ्यात बसवून दोन्ही बाजूंना लोड किंवा घट्ट गुंडाळलेली चादर लावली, की पाठ सरळ राहते, मान किंचित पुढे येते आणि हात मोकळे होतात. ताणाचे व्यायाम मात्र थेरपिस्टनी दाखवले तेवढेच करा. साथ नसतानाच त्यांच्या परवानगीने त्याचं चित्रण करून ठेवा, म्हणजे पुढे आठवणीवर विसंबावं लागणार नाही.

व्हिडिओ कॉलवरची थेरपी लहान मुलाला स्क्रीनसमोर बसवून होत नाही. तिथे थेरपिस्ट तुम्हाला शिकवतात आणि तुम्ही मुलासोबत करता. मोबाइल जमिनीलगत एखाद्या डब्याला टेकवा, मूल आणि तुमचे हात दोन्ही दिसू द्या. नेट नीट चालत नसेल तर आधी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवा आणि मग साध्या फोनवर बोला. खेड्यापाड्यांत हा मार्ग जास्त भरवशाचा.

मास्क आणि हात धुणं

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ऑगस्ट 2020मध्ये सांगितलं, की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, आणि विकासात्मक अडचणी असलेल्या कोणत्याही वयाच्या मुलांना मास्क सक्तीचा करू नये. केंद्रीय आरोग्य यंत्रणेनेही जून 2021मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची शिफारस केली नाही. ज्या मुलाला स्वतःहून मास्क काढता येत नाही, ज्याची लाळ सतत गळते किंवा ज्याला श्वासाचा त्रास आहे, त्याला तो लावूच नका. तिथे मोठ्यांनी मास्क लावणं, खिडक्या उघड्या ठेवणं आणि आजारी माणसाने दूर राहणं, हाच उपाय.

थोड्या मोठ्या मुलाला सवय लावायची असेल तर पायरीपायरीने जा. पहिले दोन दिवस मास्क नुसता खेळायला द्या. मग बाहुलीला लावा, मग तुम्ही लावा आणि डोळ्यांनी हसा. नंतर त्याच्या गालाला टेकवा, मग नाकावर धरून तीन आकडे मोजा, मग पाच. रडलं तर एक पायरी मागे या. कानामागच्या दोरीने त्रास होत असेल तर डोक्यामागे बांधायचा मास्क शिवून घ्या. कर्णबधिर मुलाशी बोलताना सुरक्षित अंतरावर उभं राहून ओठ दिसू द्या, किंवा तोंडापुढे पारदर्शक भाग असलेला मास्क वापरा.

हात धुताना साबणाच्या वासाने किंवा नळाच्या आवाजाने बिथरणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी तांब्याने पाणी घाला, बिनवासाचा साबण घ्या आणि दर वेळी तेच गाणं म्हणा. गाणं संपलं की धुणं संपलं, हे मुलाला कळतं. कुबडी, व्हीलचेअरची चाकं, चघळायची खेळणी रोज साबणपाण्याने पुसा, कारण त्यांना मुलाचे हात सतत लागतात.

आजारपणात

तपासणीसाठी नाकात काडी घालण्याआधी मुलाला चित्राने किंवा खेळातून दाखवा. ‘काही होणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘गुदगुल्या होतील, थोडं दुखेल, पाच म्हणेपर्यंत संपेल’ असं सांगा. मांडीवर घेऊन, पाठ तुमच्या छातीला टेकवून बसवा.

रुग्णालयात ठेवायची वेळ आली, तर ‘या मुलाला सोबत माणूस लागेलच’ असं दाखल करतानाच सांगा आणि फाइलचं दुसरं पान दाखवा. मार्च 2020मध्ये केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, मदतनिसांना दिव्यांग व्यक्तीपर्यंत पोहोचू द्यावं असं म्हटलं होतं. नम्रपणे पण ठामपणे त्याची आठवण करून द्या.

काही गोष्टी साथीच्या भीतीनेही पुढे ढकलू नयेत. पाच मिनिटांहून लांबलेली फिट, किंवा शुद्धीवर येण्याआधीच आलेली दुसरी फिट; ओठ निळे पडणं, श्वास लागणं; डोक्यात शंट (साठलेलं पाणी काढणारी नळी) असलेल्या मुलाला वारंवार उलट्या होणं किंवा ते झापडल्यासारखं होणं; लघवी कमी होणं, दूध-पाणी सोडणं. अशा वेळी थेट दवाखाना गाठा, 108ला फोन करा. फिट आली असताना मुलाला कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडात काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

नेहमीच्या लसीही चुकवू नका. 2022च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवर पसरला. नेहमीचं लसीकरण मागे पडलं की एका साथीच्या मागे दुसरी येते, हे तेव्हा दिसलं. कोविडच्या राष्ट्रीय लसीकरण मोहिमेत 12 वर्षांखालची मुलं कधीच आली नाहीत. म्हणजे लहानग्यांचं संरक्षण सर्वस्वी भोवतालच्या मोठ्यांवर होतं. पुढेही असं होऊ शकतं. म्हणून मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने आपली लस वेळेवर घ्यावी.

सांभाळणाऱ्याला सांभाळा

अशा घरातली आई आधीच थकलेली असते. साथीत तिच्यावर शिक्षिका, थेरपिस्ट, परिचारिका आणि घरकाम यांचा सगळा भार एकदम पडतो. बाबांचं काम सुटलं असेल, तर पैशांची चिंता वेगळीच. म्हणून घरातल्या मोठ्यांना एक विनंती : ‘काही मदत हवी का’ असं विचारून थांबू नका, एक काम कायमचं आपल्याकडे घ्या. सकाळची आंघोळ बाबांची, दुपारचा गोष्टीचा तास आजोबांचा, असं ठरवा. आईला रोज सलग अर्धा तास तरी मोकळा मिळायलाच हवा.

भावंडांकडेही लक्ष ठेवा. ‘तू शहाणी ना, समजून घे’ हे वाक्य ऐकून ती मुलं गप्प होत जातात. दिवसातली दहा मिनिटं फक्त त्यांची ठेवा. सतत रडू येणं, झोप उडणं, मुलावर हात उचलला जाणं किंवा जगणं नकोसं वाटणं असं काही होत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. मुलाची आबाळ किंवा मारहाण होताना दिसली, तर 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. मदत मागणारी आई कमी पडलेली नसते. ती आपल्या मुलाची काळजीच घेत असते.

साथ ओसरल्यावर

परत शाळेत जाताना एकदम पूर्ण दिवस पाठवू नका. आधी रिकाम्या वर्गाला भेट, मग एक तास, मग अर्धा दिवस. विसरलेलं कौशल्य पुन्हा येतं, आणि बऱ्याचदा पहिल्यापेक्षा लवकर येतं. मात्र सुरुवात आहे तिथून करावी लागते, म्हणून थेरपिस्टकडून नव्याने मूल्यमापन करून घ्या.

साथीच्या काळात जन्मलेल्या आणि फार माणसं न पाहिलेल्या बाळांकडे आशाताई आणि अंगणवाडी सेविकांनी मुद्दाम पाहावं. एक वर्षाचं होऊनही नावाला ओ न देणं, दीड वर्षाचं होऊनही बोटाने न दाखवणं किंवा न चालणं, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून न बोलणं, आणि येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात हरवणं, या विकास मागे पडत असल्याच्या खुणा आहेत. ‘लॉकडाऊनमुळे असेल, बोलेल हळूहळू’ असं म्हणून थांबू नका. तपासणी करून काही निघालं नाही, तर चांगलंच आहे. निघालं, तर उपचाराचे मोलाचे महिने वाचतात.

ही तपासणी मोफत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि गरज असलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. साथीत पथक आलं नसेल, तर पुढच्या भेटीची तारीख विचारून ठेवा.

तुमचे हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्याचं आठवं कलम आपत्तीतल्या समान संरक्षणाविषयी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि धोक्याच्या वेळी त्यांना कळवावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन आपल्या मुलाची नोंद आहे का, हे विचारा. पाच-दहा पालकांनी मिळून अर्ज दिला तर दखल लवकर घेतली जाते. ग्रामसभेतही हा विषय मांडा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय असून थेरपीचाही समावेश आहे. लहान मुलांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं. त्याची मुदत आजच पाहा, कारण साथ आली की पहिली बंद होतात ती प्रमाणपत्राची शिबिरं.

2020मध्ये कोणालाच काही माहीत नव्हतं. आता आपल्याला माहीत आहे की सेवा किती लवकर थांबतात आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो. म्हणून या आठवड्यात तीन कामं करा. फाइलचं पहिलं पान लिहा. घरातल्या एका माणसाला मुलाचं औषध द्यायला शिकवा. आणि तुमच्यासारख्याच दोन पालकांचे नंबर मोबाइलमध्ये घेऊन त्यांना फोन करा. पुढची साथ केव्हा येईल हे आपल्या हाती नाही, पण ती आली त्या दिवशीही आपल्या मुलाची थेरपी, औषध आणि जेवण वेळेवर होईल, एवढी व्यवस्था नक्कीच आपल्या हाती आहे.